हवा काढून घेतल्यावर

सोनोग्राफीचं आणि हवेचं जमत नाही. ध्वनिलहरी हवेला धडकून माघारी फिरतात आणि पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा उरतात. त्यामुळे फुप्फुसातली बारीक गाठ ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीनं शोधायची, तर आधी ते फुप्फुस रिकामं करावं लागतं. हे काम भूल देणाऱ्याचं, म्हणजे माझं. नाव सर्जनचं होतं, ते असो.

बनारसमध्ये मंगला गौरीला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या काकूंवर 2019 साली बीएचयूच्या आवारात नव्यानंच सुरू झालेल्या टाटांच्या सेंटरमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाले. त्याआधी अशा दुखण्याला आमच्याकडची माणसं महानगरी एक्सप्रेस धरून मुंबईतलं परळचं टाटा हॉस्पिटल गाठायची. पुढे तपासणीच्या एका सीटीत उजव्या फुप्फुसात 6 मिलिमीटरचा ठिपका दिसला, नंतरच्या सीटीत तो 9 चा झाला. जुना कॅन्सर परतला असेल, नाहीतर आपल्याकडे नेहमी आढळते तशी टीबीची खूण. सुईनं तुकडा घ्यायला गाठ फार लहान आणि आत. दुर्बिणीनं काढायचं ठरलं.

"एक फुप्फुस बंद करणार म्हणतेस, मग श्वास कशानं घेऊ?" काकूंनी विचारलं. दुसऱ्यानं, म्हटलं. त्यांना पटलं नाही. शेजारच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करायचे. तिथे हयात गेलेल्या बाईला दमसास मी काय शिकवणार!

छाती उघडली की सर्जन बोटांनी चाचपतो. दुर्बिणीच्या छिद्रातून बोट कितीसं जाणार? काही ठिकाणी ऑपरेशनआधी सीटीत बघून हुकाची तार रोवतात किंवा निळा रंग टोचतात. पण तार निसटते, रंग पसरतो, सुईच्या भोकातून हवा गळते. आमच्या सरांनी छिद्रातून आत जाणारा, टोकाशी वळणारा प्रोब घेतला.

मी दोन्ही फुप्फुसांना वेगवेगळा श्वास देणारी डबल-ल्यूमेन ट्यूब घातली, काकूंना डाव्या कुशीवर वळवल्यावर ब्रॉन्कोस्कोपनं जागा पुन्हा पाहिली. शंभर टक्के ऑक्सिजन दिला. त्यानं नायट्रोजन धुऊन निघतो, मागे राहिलेला ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि फुप्फुस लवकर बसतं. मग उजवी बाजू बंद करून सक्शन लावलं. फुगलेलं फुप्फुस आकसत जांभळट झालं. त्यावर काळे ठिपके होते, चुलीच्या आणि गल्लीतल्या धुराचे.

सरांनी प्रोब टेकवला आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 89 वर आलं. नेहमीचा उपाय म्हणजे वरच्या फुप्फुसात थोडा ऑक्सिजन दाबानं सोडायचा. इथे सोडला असता तर चित्रच गेलं असतं.

"मॅडम, दोन मिनिटं द्या," सर म्हणाले.

मी स्कोप घातला. ट्यूब किंचित सरकली होती. ती जागेवर आणली, खालच्या फुप्फुसाला पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही आत राहणारा दाब, वाढवला. 91, 93, 95. एव्हाना राखाडी पडद्यावर काळसर गोल गाठ आली होती, पृष्ठभागापासून दीड सेंटिमीटर खोल. सरांनी वर कॉटरीनं खूण केली, स्टेपलर चालवला. कापलेला तुकडा बोटांत धरून दाबला.

"आहे."

फ्रोझन सेक्शनमध्ये ग्रॅन्युलोमा निघाला, कॅन्सर नव्हता. एक भाग टीबीच्या कल्चरला पाठवला. त्याला आठवडे लागतात. काकूंची तक्रार मात्र संध्याकाळीच आली, घोगऱ्या आवाजात, "अगं, छातीचं राहू दे, घशाला काय केलंस?" ही ट्यूब नेहमीच्या ट्यूबपेक्षा जाड असते. गुळण्या लिहून दिल्या.