खोडलेला 'सो'

आठवीच्या वह्या तपासताना माझं लाल पेन एका जागी हमखास थांबतं. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो आय डिड नॉट कम.' वीस वर्षं मी तो 'सो' खोडत आलोय. समासात शेरा ठरलेला: दोन्हींपैकी एकच. पोरं माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात 'ऑल्दो'च्या मागोमाग 'बट' घेऊन येतात.

एकदा एकानं विचारलं, "सर, बिकॉजनं सुरुवात केली, तर पुढं 'म्हणून' नको का यायला?"

तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. 'जर' आला की 'तर' येणार, 'जरी'मागे 'तरी', 'ज्याअर्थी'मागे 'त्याअर्थी'. आमच्या भाषेला जोडीनं चालायची सवय. आदल्याच दिवशी मी वर्गात म्हणालो होतो, "कारण काल मला ताप होता ना, म्हणून वह्या राहिल्या." 'ऑल्दो-बट'चंही मूळ हेच. (इंग्रजीत 'इफ'मागे 'देन' चालतो, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. तास तिथंच संपला असता.)

आणि हा 'म्हणून' तरी साधा कुठंय? 'म्हणणे'चं रूप, पण कामं किती! फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'पाऊस पडला म्हणून पूजा केली', 'पाऊस पडावा म्हणून पूजा केली'. पहिल्यात कारण, दुसऱ्यात हेतू. मराठीनं फक्त क्रियापद वाकवलं, 'म्हणून' जागचा हलला नाही. इंग्रजीत पहिल्याला 'बिकॉज' लागतो, दुसऱ्याला 'सो दॅट'. मागच्या बाकावरचं एक पोरगं हसलं, "एकात पाऊस झालाय, एकात नाही." व्याकरणाच्या पुस्तकात इतकं स्वच्छ मी वाचलेलं नाही.

'-मुळे'चा घोळ वेगळाच. तो 'पावसा'लाही चिकटतो आणि 'पडल्या'लाही, मग 'बिकॉज ऑफ इट रेन्ड' होणारच. 'ड्यू टू' मी आठवीत काढतच नाही. 'बिकॉज ऑफ'सारखा तो वापरण्यावर इंग्रजी कोशकार फाउलरनं १९२६ सालीच नाक मुरडलं होतं, आणि लोक अजून बिनदिक्कत वापरतात.

'म्हणून' विचारणाऱ्या त्या मुलाला शेवटी एवढंच सांगितलं, "तुझा 'म्हणून' त्या स्वल्पविरामात बसलाय."

पुढच्या वहीत 'सो' त्यानं स्वतःच खोडला होता. त्याच्या आधीचा स्वल्पविराम इतका गिरवला होता, की पान मागच्या बाजूनं फुगलं होतं.