मॅट उघडली की काय दिसतं?

हौसेने होम थिएटर उभारणारी मंडळी मला नेहमी विचारतात, ‘ओपन मॅटमध्ये वर-खाली जास्त चित्र दिसतं, मग तेच खरं ना?’ मी फिल्म स्कॅन करतो. माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं.

३५ मिमी फिल्मवर एक फ्रेम चार छिद्रांच्या उंचीची. तिच्यात साधारण १.३७ : १ आकाराचं चित्र बसतं. १९५३पासून टीव्हीला तोंड द्यायला हॉलिवूडने पडदा रुंद केला, पण असंख्य सिनेमे त्याच कॅमेऱ्यांवर चित्रित होत राहिले. कॅमेरामन व्ह्यूफाइंडरमधल्या रेघांच्या आत १.८५ची चौकट रचायचा. फिल्मवर मात्र सगळंच उमटायचं, आणि नको तो भाग थिएटरात प्रोजेक्टरची अ‍ॅपर्चर प्लेट झाकायची. अशी प्रिंट स्कॅन केली की झाकलेलं उघडं पडतं, हेच ओपन मॅट.

‘पी-वीज बिग अ‍ॅडव्हेंचर’मध्ये (१९८५) पी-वी सायकलीच्या पेटीतून साखळी ओढतो, ती संपतच नाही. मॅट उघडलेल्या व्हिडिओत साखळी पेटीच्या तळातून आत येताना दिसते आणि विनोद तिथेच मरतो. ‘द शायनिंग’च्या (१९८०) सुरुवातीला पूर्ण फ्रेममध्ये हेलिकॉप्टरची सावली डोंगरावरून सरकते. दिग्दर्शक कुब्रिकने टीव्हीसाठी पूर्ण फ्रेम सांभाळली होती हे खरं, पण रचना १.८५चीच होती.

उघडी फ्रेम ही मूळ रचना नव्हे, याचा पुरावा फिल्मवरच सापडतो. स्कॅनरवर रीळ सरकत असतं, दोन फ्रेमांमधली काळी रेघ बारीक असते. मध्येच इफेक्टचा शॉट येतो आणि त्या रेघेची जाड पट्टी होते, कारण तो शॉट १.८५लाच झाकून छापलेला असतो. पुढच्या कटला पुन्हा बारीक रेघ. एकाच प्रसंगात चित्राची उंची अशी कमी-जास्त व्हावी, असं कुठल्या दिग्दर्शकाच्या मनात असेल?

मग प्रिंटचा स्कॅन जपायचा कशासाठी? रंगांसाठी. मूळ निगेटिव्हपासून प्रिंट दोन-तीन पिढ्या लांब असते, बारकावे थोडे हरवतात, कॉन्ट्रास्ट चढतो. तरी प्रेक्षकांनी त्या वर्षी काय पाहिलं, याची तीच साक्षीदार. डिजिटल आवृत्तीत ग्रेन घासून चेहरे मेणासारखे झालेले दिसले की मी प्रिंटकडे वळतो. पण जपून. सत्तरच्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंट बहुतेक गुलाबी पडल्या आहेत, त्यांच्यावरून रंग ठरवू नयेत. रंग टिकवून ठेवणारी डाय-ट्रान्सफर टेक्निकलर प्रिंट मिळाली, तर भाग्य.

पुन्हा चौकटीकडे वळायचं तर, आपला ‘शोले’ही (१९७५) ३५ मिमीवर चित्रित झाला आणि मग ७० मिमीला ब्लो-अप केला गेला. त्याचे कॅमेरामन द्वारका दिवेचांना ती रुंद चौकट डोळ्यांपुढे ठेवूनच दृश्यं लावायची होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेली २०२५ची आवृत्ती २.२ : १ या आकारात आहे, आणि तेच योग्य आहे.

तेव्हा ओपन मॅट स्कॅन मिळाला तर जरूर ठेवा, पण पाहताना वर-खाली काळ्या पट्ट्या लावा. पण चौकट डोळे मिटून मधोमध बसवू नका. ती कुठे बसते हे ठरवायला आधी श्रेयनामावली बघा, मग बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची जागा. रीळ बदललं की पुन्हा तपासा, फ्रेम थोडी वर-खाली सरकलेली असू शकते.