वर्गणी फक्त ईसीजीपुरती नको

मागच्या आठवड्यात प्रताप नगरातल्या माझ्या दवाखान्यात मंडळाची चार पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, यंदा डीजे नाही. वर्गणीतून तरुण मुलांसाठी हार्टचं शिबिर घेऊ म्हणतो." ऐकून आनंद झाला. पण पैसे देण्याआधी मी त्यांना माझी एक चूक सांगितली.

काही वर्षांपूर्वी मीही असंच शिबिर घेतलं होतं. एका कॉलेजच्या मुलाचा ईसीजी वेगळा दिसला. 'टूडी इको करून घ्या' अशी चिठ्ठी देऊन मी मोकळा झालो. इकोचा खर्च घरच्यांना झेपेल का, हे विचारलंच नाही. पुढच्या वर्षी कबड्डी खेळताना तो बेशुद्ध पडला. सुदैवाने वाचला. माझी चिठ्ठी त्याच्या आईच्या पर्समध्ये तशीच घडी घालून ठेवलेली होती.

त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी निघाली, म्हणजे हृदयाचा स्नायू प्रमाणाबाहेर जाड होणं. साधारण ५०० जणांत एकाला हा आजार असतो. तो बहुधा आनुवंशिक असतो आणि अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही. ईसीजी संशय दाखवतो, खात्री इकोने होते.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेटो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढे सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पण तिथे संशय आला, की पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. फायदा त्या पाठपुराव्याचाही आहे.

आपल्याकडे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात हृदयदोष सापडल्यास पुढचे उपचारही मोफत होतात. त्यापुढच्या वयाची मुलं मात्र या कार्यक्रमात येत नाहीत.

म्हणून पोरांना म्हटलं, निम्मी वर्गणी इकोसाठी बाजूला ठेवा. संशय असलेल्या मुलासोबत मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत एक कार्यकर्ता पाठवा. आणि ईसीजीआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: खेळताना कधी चक्कर किंवा बेशुद्धी आली का? धावताना छातीत दुखतं का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर ईसीजी नॉर्मल असूनही डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पोरांनी वहीत नवीन रकाना आखला: 'पुढील तपासणी'. त्यातली पहिली पावती माझ्या नावाची आहे.