पुळणीवरची पाटी

लहानपणी आमच्या घरी कुत्र्याच्या बाबतीत एकच नियम होता. ओला कुत्रा अंगाला लागला, की कपडा सात वेळा धुवायचा आणि त्यातले एक पाणी मातीचे. आम्ही श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, शाफई मसलकाचे. हनफी मंडळी कुत्र्याची लाळ नापाक मानतात आणि मालिकी तर जिवंत कुत्र्याला पाकच समजतात, हे मला पुष्कळ पुढे वाचनातून कळले. अम्मीला सात पाणी तेवढी ठाऊक होती. पण हीच अम्मी मागीलदारी बसणाऱ्या लाल्याला माशाची डोकी टाकल्याशिवाय स्वतः जेवत नसे. "शिवायचं नाही, पण उपाशीही ठेवायचं नाही," असे ती म्हणे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, चामडी मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाचे गुनाह माफ झाले, ही हदीस मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकली.

हे सगळे आठवायला मला केपटाउनला जावे लागले.

केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे जात राहिली. माझ्या अम्मीचे चुलते पोरवयातच आगबोटीने गेले आणि तिकडचेच झाले. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे मामू, तिथेच जन्मले. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. त्यामुळे अम्मीने आपल्या या भावाला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा दोघांचेही केस पिकायला लागले होते. २०२५च्या जानेवारीत मी त्यांच्याकडे महिनाभर राहिले. मामू ऐंशीच्या घरात आहेत. आपण विसरलेले कितीतरी कोकणी शब्द त्यांच्या तोंडात अजून जिवंत आहेत. समुद्रकिनाऱ्याला ते पुळणच म्हणतात.

त्या दिवसांत घरात एकच विषय चालू होता. जवळच्या एका किनाऱ्याचा काही भाग कुत्र्यांना पट्ट्याविना मोकळे सोडण्यासाठी राखून ठेवावा, अशी मागणी काही रहिवाशांनी केली होती. तिथे २०००च्या कायद्याने नगरपालिकांनी लोकांचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. म्हणून बाजूची आणि विरोधाची कागदपत्रे घरोघरी फिरत होती.

मला आधी हसू आले. आमच्याकडे कुत्रा मोकळाच असतो, त्याला सोडायला जागा कशाला हवी? मामूंच्या नातीने मला समजावून सांगितले. ती एका प्राण्यांच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते आणि शेजारणीचे कुत्रे फिरवते. किनाऱ्याचे तीन भाग करायचे: एकात कुत्र्याला मज्जाव, दुसऱ्यात पट्ट्यासह परवानगी, तिसऱ्यात मोकळीक. अमेरिकेत सॅन डिएगो शहराने १९७२ सालीच एक किनारा असा खुला केला. न्यूझीलंडमध्ये १९९६च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला कुत्र्यांविषयीचे धोरण ठरवावेच लागते. पळायला मिळालेले कुत्रे घरी शांत राहते, असे तिचे म्हणणे. आणि जागा नेमून दिली नाही, तर लोक चोरून कुठेही सोडतातच.

विरोधकांचे मुद्देही पोकळ नव्हते. २०२२च्या सप्टेंबरमध्ये सायमन्स टाउनजवळ दोन हस्की कुत्र्यांनी एकोणीस पेंग्विन मारले होते. आफ्रिकन पेंग्विन ही जातच आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. २०२४ साली त्या किनाऱ्यावरच्या सील प्राण्यांमध्ये रेबीज आढळला. सीलशी झोंबलेले कुत्रे काय घेऊन घरी येईल, हा प्रश्न उरतोच.

एके दिवशी असरनंतर मोहल्ल्यातले तीन-चार जण विरोधाचा अर्ज घेऊन मामूंच्या सहीसाठी आले. अर्जात पेंग्विन नव्हते, रेबीजही नव्हता. मुसलमानांच्या धार्मिक भावना दुखावतात, एवढेच होते. नात दाराशी उभी राहून ऐकत होती. माझे मन अर्जाच्या बाजूने होते, हे कबूल करते. किनाऱ्यावर सगळेच ओले. कुत्रे पाण्यातून येते, अंग झटकते, आणि आपल्याला तिथेच वाळूवर नमाज पढायची असते. मी त्या देशाची रहिवासी असते, तर लगेच सही केली असती. मामू मात्र म्हणाले, "कागद ठेवून जा. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी फजर झाल्यावर त्यांनी नातीला गाडी काढायला सांगितली. आम्ही ब्लाउबर्गस्ट्रँडला गेलो. समोर उपसागरापलीकडे टेबल माउंटन सपाट पसरलेला. मामू काठी टेकत वाळूवर उभे राहिले.

"बेटी, पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मी या पाण्यात पाय भिजवला नव्हता," ते म्हणाले. "१९५३चा कायदा होता. किनारेसुद्धा वाटलेले. ही जागा गोऱ्यांची. सकाळी त्यांची कुत्री इथं मोकळी धावायची. आम्ही रस्त्यावर गाडी थांबवून काचेतून बघायचो. तुझी मामी म्हणायची, अल्लाह, या कुत्र्याचं नशीब बघा."

डिस्ट्रिक्ट सिक्समधले त्यांचे घर गेले, तेही याच काळात. १९६६ साली तो भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून हुसकावले गेले. मामूंचे कुटुंब भारतीयांसाठी ठरवलेल्या रायलंड्समध्ये गेले.

"मग १९८९चा ऑगस्ट आला," मामू पुढे सांगू लागले. "एकोणीस तारीख. थंडीचे दिवस. सगळ्यांनी मिळून गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर जायचं ठरलं. आर्चबिशप टुटू होते. मौलवी होते, पाद्री होते, पोरंबाळं होती. पोलीस चाबूक आणि कुत्री घेऊन आले. एक कुत्रा माझ्या पायजम्यापर्यंत पोचला. मी पडलो, गुडघा फुटला. तेव्हापासून कुत्रा भुंकला की हा गुडघा दुखतो."

नातीने हे कधी ऐकलेच नव्हते. ती म्हणाली, "दादा, मग तुम्ही त्या अर्जावर सही का नाही करत? मी काही बोलणार नाही."

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो कुत्रा मोकळा नव्हता, पोरी. पट्ट्यालाच बांधलेला होता. पट्टा ज्याच्या हातात होता, त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारतायत."

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनारे सर्वांना खुले झाल्याची घोषणा झाली आणि १९९० साली तो कायदाच रद्द झाला.

आम्ही बोलत असतानाच एक तांबूस कुत्रे पाण्यातून सुसाट आले आणि माझ्या समोर येऊन अंग झटकले. माझी ओढणी भिजली. मी किंचाळले. मालकीणबाईंनी शीळ घातली, तसे ते परत पळाले. बाई धावत येऊन माफी मागू लागल्या. मी मान हलवली, पण हातपाय कापत होते. मामूंचा हात गुडघ्यावर गेलेला मी पाहिला.

घरी आल्यावर मामूंनी कागद मागितला आणि आपले म्हणणे स्वतंत्र लिहिले. कुत्र्यांना किनाऱ्याच्या टोकाचा, पक्ष्यांच्या घरट्यांपासून लांबचा तुकडा द्यावा. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे लांबून दिसेल अशा पाट्या लावाव्यात. उरलेल्या भागात पट्टा सक्तीचा असावा आणि तो नियम सर्वांना सारखा लागावा. रेबीजची लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय मोकळे सोडू नये. सील दिसले तर लगेच पट्टा लावावा. ईद आणि नववर्षाच्या दिवशी, जेव्हा झोपडवस्तीतली माणसेही बसगाड्या भरून समुद्रावर येतात, तेव्हा सगळा किनारा माणसांचा असावा. शेवटी त्यांनी लिहिले की, काही मुसलमानांना ओल्या कुत्र्याचा स्पर्श झाल्यास नमाजीआधी कपडे धुवावे लागतात आणि काही म्हाताऱ्यांना कुत्र्यांची भीती वाटते, ती का वाटते हे या शहराला ठाऊक आहे.

सायंकाळी अर्जवाले आले. थोडी कुरकुर झाली. एक जण म्हणाला, "चाचा, दीनची बाजू घ्यायला हवी होती." मामू म्हणाले, "दीननं मला सात पाणी सांगितली आहेत. दुसऱ्याचा कुत्रा बांधून ठेव, असं नाही सांगितलं. आपली अडचण आहे ती अडचण म्हणून मांडू. तिला दीनचं नाव कशाला?" गुहेत झोपी गेलेल्या अस्हाब-ए-कहफच्या सोबत उंबऱ्याशी कुत्रा होता आणि कुरआनाने त्याचाही उल्लेख टाळलेला नाही, याची त्यांनी आठवण करून दिली. चौघांपैकी दोघांनी मामूंच्या कागदाखाली सही केली. दोघे तसेच गेले.

मी परसातल्या नळावर ओढणी धुवायला बसले. नात वाडग्यात बागेतली माती घेऊन आली आणि शेजारी बसून पाणी मोजू लागली. सातवे पाणी झाल्यावर तिने विचारले, "तुमच्या अम्मीनं त्या लाल्याला कधीच हात लावला नाही?"

"नाही," मी म्हटले. "पण तो मेला त्या दिवशी ती जेवली नाही."

निर्णय लागण्याआधीच मी परतले. आता सकाळी आमच्या पुळणीवर जाते, तेव्हा कुत्री मोकळीच हिंडत असतात. खाडीपलीकडे वेळासला कासवांची अंडी त्यांच्यापासून वाचवण्यासाठी कुंपणात नेऊन ठेवावी लागतात. आमच्याकडे पाटी नाही, पट्टा नाही, आणि काय हवे ते कोणी कोणाला विचारलेलेही नाही. परवा ग्रामपंचायतीत जाऊन मी पहिल्यांदाच तो विषय काढला. सरपंच हसले. मलाही आधी हसूच आले होते, म्हणून मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला सुरुवात केली.