तृतीय पुरुष, एकवचन

विमा हा विषय ललित लेखनाच्या वाट्याला फारसा आलेला नाही, आणि त्यात आश्चर्य वाटण्याजोगेही काही नाही. विमापत्र ही आपण सही करतो पण वाचत नाही अशा कागदांपैकी एक. आयुष्यभर संहिता वाचण्याचाच व्यवसाय केलेल्या माझ्यासारख्या माणसानेही आजवर एकही विमापत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले नव्हते. गेल्या हिवाळ्यात धाकट्या मुलीने स्कूटर घ्यायचे ठरवले आणि तो योग आला.

आम्ही पूर्व दिल्लीत राहतो. तिची नोकरी नोएडाला. मेट्रोच्या स्थानकापासून कचेरी दूर, म्हणून स्कूटर. विक्रेत्याने किमतीचा जो कागद पुढे ठेवला त्यात गाडीची मूळ किंमत, नोंदणी, पथकर आणि विमा अशा चार ओळी होत्या. विम्याच्या ओळीवर बोट ठेवून मी विचारले, हे काय? काउंटरवरचा तरुण मुलगा अदबीने म्हणाला, "अंकलजी, थर्ड पार्टी तो कराना ही पड़ेगा. अपना आप देख लो."

त्याच्या लेखी ही रोजची माहिती होती. मला मात्र त्या दोन छोट्या वाक्यांनी थबकवले. 'थर्ड पार्टी'चा विमा सक्तीचा, 'अपना' ऐच्छिक. स्वतःचे काय ते तुम्ही पाहा, पण त्या तिसऱ्याचे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. एखाद्या धर्मग्रंथात शोभावे असे हे विधान एका दुचाकीच्या दुकानात, चहाचा कागदी पेला पुढे सरकवता सरकवता केले गेले होते.

मुलीने तोवर भ्रमणध्वनीवर दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर काढले होते. "बाबा, विमा इथूनच घ्यायला हवा असं काही नाही," ती म्हणाली, आणि ते खरेच होते. विक्रेता सांगेल तोच विमा घेण्याचे बंधन ग्राहकावर नसते. दोन दिवसांची मुदत मागून, विमापत्राचा नमुना घेऊन आम्ही घरी आलो, आणि मी तो एखाद्या दुर्बोध काव्यसंग्रहासारखा टेबलावर मांडून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की या संहितेत पात्रे तीन आहेत. विमा उतरवणारा हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि करारावर ज्याची सही नाही, ज्याला या कराराची वार्ताही नाही, तो तिसरा. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातच या तिसऱ्यासाठीच्या विम्याची तरतूद होती आणि १९४६पासून ती सक्तीची झाली. त्या कायद्याची जागा १९८८च्या कायद्याने घेतली; त्याचे १४६वे कलम विम्यावाचून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यास मनाई करते. मात्र ही सक्ती केवळ तृतीय पक्षापुरती आहे. माझी स्कूटर चोरीला गेली, जळाली, यमुनेच्या पुरात बुडाली, तर कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही.

नवी दुचाकी घेणाऱ्याला आता हा तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामागे एक कथा आहे. कोइमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्त्यांवरील अपघातांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्या ओघात असे दिसून आले की लोक पहिल्या वर्षी विमा घेतात आणि मग त्याचे नूतनीकरण करीतच नाहीत. दुचाकीवाले तर विशेषच. म्हणून न्यायालयाने २०१८च्या जुलैत आदेश दिला आणि त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा व नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा आवश्यक ठरला. मोडलेली हाडे जोडता जोडता एका शल्यविशारदाला कायद्यातला मोडलेला सांधा दिसावा, हे मला अर्थपूर्ण वाटते. जून २०२२मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या नव्या दुचाकीसाठी या पाच वर्षांचा हप्ता ३,८५१ रुपये ठरवला गेला. वर्षाला आठशे रुपयांहून कमी.

'अपना'चा भाग याहून गुंतागुंतीचा निघाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षावर्षाचा. त्यात गाडीचे एक 'घोषित मूल्य' असते आणि नव्या कोऱ्या गाडीचेही ते मूल्य किमतीपेक्षा पाच टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे दुकानाच्या पायरीवरून उतरण्यापूर्वीच ती थोडी जुनी झालेली असते! सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के, वर्षानंतर वीस, आणि पाचवे वर्ष सरता सरता निम्मे. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग बदलावे लागले तर कंपनी निम्मीच किंमत देते; पूर्ण हवी असेल तर 'शून्य घसारा' नावाचे पुरवणी कलम जादा पैसे भरून घ्यायचे. दिल्लीची गणना जुन्या दरपत्रकात मुंबई-पुण्याबरोबर 'अ' विभागात होती आणि नोएडाची 'ब' विभागात. ज्या सीमेवर एखाद्या कमानीपलीकडे काही बदललेले दिसत नाही, ती ओलांडली की जोखमीचा भाव बदलत असे.

आणखी एका ठिकाणी मी अडखळलो. स्कूटरवर मागे बसलेला माणूस कोणता पक्ष? माझी समजूत अशी की चालवणारा नव्हे, कंपनी नव्हे, म्हणून तो तिसराच. परंतु २००६ साली तिलकसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ कायद्यापुरता विमा घेतला असेल, तर फुकट मागे बसलेल्या माणसाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. सर्वंकष विमा घेतला तरच तो त्या छत्राखाली येतो. मेट्रोपर्यंत मला मागे बसवून नेण्याचा बेत मुलीने आधीच आखला होता. म्हणजे सक्तीचाच विमा घेतला असता तर पिता हा प्रथम नव्हे, द्वितीय नव्हे आणि तृतीयही नव्हे, असा व्याकरणाबाहेरचा पुरुष ठरला असता. आम्ही सर्वंकष विमा घ्यायचे ठरवले. त्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. त्यापुढे वारसाचे नाव लिहायचे. मुलीने तेथे माझे नाव लिहिले. चौसष्टाव्या वर्षी मुलीच्या मृत्यूचा लाभार्थी म्हणून आपले नाव वाचणे हा अनुभव कोणत्याही शोकांतिकेने मला दिला नव्हता. मी तिला म्हटले, आईचे नाव लिही. ती म्हणाली, "बाबा, फॉर्म आहे तो."

फॉर्म आहे हे खरे. पण माणसाच्या जिवाला आकडा लावण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. 'सरला वर्मा विरुद्ध दिल्ली परिवहन निगम' या २००९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कोष्टक घालून दिले. मृत होता कृषी संशोधनातला अडतीस वर्षांचा शास्त्रज्ञ, अपघात १९८८चा, अंतिम निर्णय एकवीस वर्षांनी. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पंचविशीपर्यंत गुणक अठरा. मग तो उतरत जातो. एकसष्ट ते पासष्ट वयाला सात, त्यापुढे पाच. माझा गुणक आज सात आहे, हे मला या वाचनात कळले. २०१७च्या प्रणय सेठी प्रकरणात सहवासाच्या हानीसाठी ४०,००० रुपये आणि अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपये ठरवण्यात आले, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ धरून. हे आकडे वाचून प्रथम मनात उपहास आला. समीक्षकाला उपहास सहज सुचतो. पण मग वाटले की या कोष्टकापूर्वी काय होते? एकाच वयाच्या, एकाच मिळकतीच्या दोन मजुरांच्या विधवांना दोन न्यायालयांत दोन वेगळे न्याय मिळत. कोष्टक रुक्ष असते, पण ते तोंड पाहून बदलत नाही.

येथपर्यंत मी आलो तो एका वाचकाच्या कुतूहलाने. यापुढचे लिहिताना हात जड होतो.

१९९१च्या फेब्रुवारीत माझ्यापाशी जुना घेतलेला चेतक होता. नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहण्याचा काळ नुकताच सरत होता आणि तिशीतल्या अध्यापकाला जुनी स्कूटर हेही वैभव वाटे. मंडी हाउसला एका चर्चासत्रात मला निबंध वाचायचा होता. विषय होता मराठी कथेतील 'स्व' आणि 'पर'. उशीर झाला होता. विकास मार्गावर लक्ष्मीनगरच्या पुढे, धुक्यातून, हातात जेवणाचा डबा घेतलेला एक मजूर रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक दाबला. तो पुरेसा नव्हता. डबा घरंगळत गेल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. जवळच्या सरकारी इस्पितळात मीच त्याला नेले. उजव्या पायाचे हाड मोडले होते.

त्या स्कूटरच्या विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली होती. पैसे नव्हते असे नाही; रक्कम अगदी थोडी होती. मी विसरलो होतो, आणि विसरलो याचे कारण इतकेच की त्या विम्यात 'माझे' असे काही नव्हते.

तो मजूर मला म्हणाला, "बाबूजी, केस मत करना, दिहाड़ी जाएगी." मी त्याच्या समजूतदारपणाने गहिवरलो. आज तो गहिवर मला लज्जास्पद वाटतो, कारण त्याच्या तळाशी सुटकेचा निःश्वास होता. मी तीनदा जाऊन पैसे दिले. चौथ्यांदा गेलो तेव्हा खाट रिकामी होती. गावी गेला, इतकेच कळले. कोणत्या गावी, हे मी विचारले नाही.

मी त्याला हेही सांगितले नाही की अपघात न्यायाधिकरण नावाचे काही असते. की विम्याची मुदत संपली असली तरी दायित्व संपत नाही, ते मालकावर येते. की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत त्याला माझ्याविरुद्ध दावा करता आला असता. मला हे ठाऊक होते. एका वकील मित्राने त्याच आठवड्यात सगळे समजावून सांगितले होते. मी ते सहा महिने मुकाट्याने उलटू दिले. १९९४च्या दुरुस्तीने ती मुदतच काढून टाकली, तेव्हाही माझ्या मनात प्रथम आली ती भीती. 'विमा' या शब्दाची व्युत्पत्ती फारसी 'बीम' म्हणजे भय या शब्दापर्यंत नेतात. माझे भय मात्र पुरते स्वतःभोवतीचे होते. धडक ही दुर्घटना होती असे म्हणता येईल. मौन ही माझी कृती होती.

चर्चासत्रातला निबंध मी दुसऱ्या दिवशी वाचला. तो पुढे छापून आला आणि 'पर'विषयीच्या माझ्या विवेचनाची काहींनी प्रशंसाही केली.

मराठी शाळेत आपण शिकतो ते असे: मी हा प्रथम पुरुष, तू हा द्वितीय आणि तो हा तृतीय. इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. संस्कृत व्याकरणात तो वेगळा आहे. तेथे 'तो' हाच प्रथम पुरुष, 'तू' मध्यम, आणि 'मी' अखेरचा, उत्तम पुरुष. 'उत्तम' म्हणजे श्रेष्ठ असा अर्थ काढून विद्यार्थी हसत. तेथे त्याचा अर्थ शेवटचा, एवढाच. हा भेद मी वर्गात कितीदा सांगितला असेल! रूपावलीच्या पाठांतरापलीकडे त्याला काही अर्थ असेल असे मला कधी वाटले नाही. दुकानातल्या मुलाच्या त्या दोन वाक्यांत तोच जुना क्रम होता: आधी तो, आणि मग 'अपना देख लो'.

तिसऱ्या दिवशी आम्ही पैसे भरले. पाच वर्षे तृतीय पक्षाची, एक वर्ष आपले. मुलीने पत्र छापून माझ्या हाती दिले आणि मी ते पुन्हा एकदा वाचले. त्यात मालकाचे नाव आहे, वारसाचे आहे, कंपनीचे आहे. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांकही आहे. ज्याच्यासाठी हे पत्र सक्तीचे केले आहे, त्याचे नाव कोठेच नाही. ते असणारही नाही; तो कोण असेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

मला ते ठाऊक करून घेता आले असते. तीनदा मी त्या खाटेशी उभा होतो, आणि खाटेच्या पायथ्याला त्याचा कागद लटकत होता.