तीन किमतींचे घर

२०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या रांगा बँकांबाहेर लागल्या असता, आम्ही उभयतां लेस्टरचे घर भाड्याने देऊन बारडोलीस कायमचे परत आलो. ‘कायमचे’ हा शब्द तेव्हा आम्ही लोकांना सांगत होतो. एकमेकांना सांगत नव्हतो. आमचे आजोबा खानदेशातून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या नोकरीनिमित्त या गावी आले आणि येथलेच होऊन राहिले. घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती, अशा रीतीने आमच्या पिढ्या येथे वाढल्या. त्यांच्या मोकळ्या जागेवर २०१८ साली आम्ही शिलकीतून लहानसे घर बांधले. लेस्टरचे घर मात्र विकले नाही.

का विकले नाही, हे सांगणे सोपे नाही. ते घर आम्ही १९८९ साली घेतले होते. बेलग्रेव्ह रोडपासून दहा मिनिटांच्या वाटेवरचे, भिंतीला भिंत लागून असलेल्या विटांच्या ओळीतले एक. दोन्ही मुले तेथे वाढली, आमची आई तेथेच गेली. विक्रीचा विषय निघाला की सौ. म्हणे, “अहो, येथले पाणी मानवले नाही तर? एखादे दार उघडे असू द्या.” आम्हीही फारसा आग्रह धरला नाही. पहिल्या पावसाळ्यात आम्हांला इकडचे ऊन आठवण्याऐवजी तिकडची थंडी आठवत होती, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

आणि येथेच आमचे चुकले. परदेशातून परतलेल्या माणसासाठी आपल्या आयकर कायद्यात एक मधली पायरी आहे: ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे’. सीए मंडळी तिला आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून अधिक भारतात राहिला नसाल, तर ही पायरी तुम्हांला मिळते. आणि तोवर परदेशातले घर विकून झालेल्या नफ्यावर सहसा येथे कर लागत नाही. येथे पासपोर्टाचा रंग पाहत नाहीत, मुक्कामाचे दिवस मोजतात. आमच्या हिशेबात २०१७-१८ आणि २०१८-१९ ही दोन वर्षे त्या पायरीवर गेली. ३१ मार्च २०१९ रोजी ती संपली. १ एप्रिलपासून आम्ही पुरते निवासी झालो, आणि पुरत्या निवासी माणसाचे जगभरचे उत्पन्न येथे करपात्र असते. लेस्टरचे भाडेसुद्धा आले, आणि दरवर्षीच्या विवरणपत्रात त्या घराची नोंद करणेही आले. ती न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाखांचा दंड होऊ शकतो. परक्या देशात असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावर बाळगण्यास परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही. तेवढा एक दिलासा.

ज्या दोन वर्षांत माणसाचे मन ठरत नाही, नेमकी तीच दोन वर्षे कायद्याने सवलतीची ठेवली आहेत. कायदा करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले असेल असे आम्हांला वाटत नाही. पण परतणाऱ्या प्रत्येक जोडप्यास ते भोगावे लागते.

२०२२ च्या अखेरीस भाडेकरू गेला, छपराची दुरुस्ती निघाली, आणि सौ.नेच एके सकाळी चहा गाळता गाळता सांगितले, “आता काढून टाका.” २०२३ च्या फेब्रुवारीत विक्री पुरी झाली. आम्ही निश्चिंत होतो. तिकडच्या एका सल्लागाराने आम्हांस सांगून ठेवले होते की दोन्ही देशांत करार आहे, तेव्हा तिकडे कर भरला की इकडे काही उरत नाही. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा समजुतीची माणसे प्रत्येक लग्नमंडपात भेटतात. करार आहे हे खरे, १९९३ चा आहे. परंतु भांडवली नफ्यापुरते तो इतकेच म्हणतो की दोन्ही देशांनी आपापल्या कायद्याने कर घ्यावा. एकीकडे भरलेला कर दुसरीकडे वजा मिळतो, पण त्यासाठी दोन्हीकडे हिशेब मांडावाच लागतो.

आणि हिशेब मांडू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की आमचे घर एक, पण त्याच्या मूळ किमती तीन.

पहिली, आम्ही १९८९ साली मोजलेली. ती कोणाच्याच उपयोगाची नव्हती. इंग्लंडने एप्रिल २०१५ पासून अनिवासी लोकांच्या राहत्या घरांवरही हा कर बसवला, आणि नफा सहसा त्याच महिन्याच्या किमतीपासून मोजतात. म्हणून दुसरी किंमत २०१५ ची. तेव्हापासून विक्रीपर्यंत ९४ महिने झाले. त्यांपैकी पहिले १९ महिने आम्ही तेथे राहत होतो, आणि शेवटचे नऊ महिने राहत्या घराला तसेच माफ असतात. अशा रीतीने ९४ पैकी २८ महिन्यांचा नफा सुटला. विक्रीनंतर ६० दिवसांच्या आत तिकडे हिशेब देऊन कर भरावा लागतो. त्या वर्षी प्रत्येकी १२,३०० पौंडांची वार्षिक माफी होती. दोन महिने लांबलो असतो तर ती ६,००० वर आली असती. एवढे मात्र नशिबाने साधले.

तिसरी किंमत आपल्याकडची. २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, आणि तेव्हाच्या नियमाने तिला महागाईच्या निर्देशांकाने वाढवून मिळत असे: २००१-०२ चा अंक १००, २०२२-२३ चा ३३१. उरलेल्या नफ्यावर कर २० टक्के, वर उपकर. पौंडांचे रुपये करताना विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा दर धरावा लागतो. (२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीस हा दर निर्देशांकाविना साडेबारा टक्के झाला आहे, आधी घेतलेल्या जमिनी-घरांवर निवासी व्यक्तीस जुन्या रीतीने कर कमी येत असेल तर तो धरण्याची मुभा आहे. शिवाय १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, त्यात कलमांचे आकडे निराळे. ज्यांना आज विकायचे आहे त्यांनी आमच्या आकड्यांवर विसंबू नये.)

२००१ ची आणि २०१५ ची किंमत सिद्ध करण्यासाठी तिकडच्या मूल्यांकनकाराकडून दोन दाखले मागवले. त्याने घर बाहेरून पाहिले, शेजारच्या घरांच्या जुन्या विक्रीचे आकडे काढले आणि किमती लिहिल्या. मागच्या बाजूचे स्वयंपाकघर आम्ही १९९६ साली वाढवून घेतले होते. त्याच्या पावत्या सौ.ने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात इतकी वर्षे जपल्या होत्या. डबा उघडला, तारखा पाहिल्या. सगळा खर्च २००१ पूर्वीचा, तेव्हा तो त्या किमतीतच धरला गेलेला. निराळा मिळणार नाही. ती काही बोलली नाही, झाकण लावून डबा परत फळीवर ठेवला.

बारडोलीत बसून कराची तक्रार करणे थोडे विनोदीच आहे. १९२८ साली येथल्या शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले आणि वल्लभभाईंना येथेच ‘सरदार’ हे नाव मिळाले, हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्या लढ्याचे मूळ मागणे सारा माफ करा असे नव्हते. मोजणी चुकली आहे, तिची निःपक्ष चौकशी करा, असे होते. जयकर नावाच्या अधिकाऱ्याने तीस टक्के वाढ सुचवली होती (नाव आपल्याकडचे, त्यामुळे आमच्या आजोबांना म्हणे त्या काळी ओट्यावर बरेच ऐकून घ्यावे लागे). सरकारने ती बावीसवर आणली. गावात उठलेली पक्की घरे सुबत्तेचा पुरावा म्हणून दाखवण्यात आली, तेव्हा लोकांचे उत्तर असे की ती घरे जमिनीच्या उत्पन्नाची नव्हेत, दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या भावांच्या कमाईची आहेत. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून तपास केला तेव्हा वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीशच. परदेशच्या पैशाचे घर पाहून मोजणाराचा हिशेब चुकतो, हे या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. आमच्या बाबतीत मोजणी चुकली नव्हती. चुकलो होतो आम्ही.

आमच्या सीएंनी, सुरतेच्या तरुण मुलीने, पुढचा प्रश्न विचारला: “काका, भारतात नवे घर घेतले का?” राहते घर विकून झालेला नफा भारतातल्या घरात घातला तर तो सुटतो. विकलेले घर परदेशातले असले तरी चालते. नवे मात्र २०१४ च्या दुरुस्तीपासून भारतातच हवे. ते विक्रीच्या आधीच्या एका वर्षात वा नंतरच्या दोन वर्षांत घेतलेले, किंवा नंतरच्या तीन वर्षांत बांधलेले असावे. आमचे बांधून पाच वर्षे झाली होती. ती हळहळली. आधी विकून मग बांधले असते तर! पण बांधले नसते तर विकण्याचा धीरही झाला नसता, हे तिला कसे समजावे?

दुसरा मार्ग रोख्यांचा. सहा महिन्यांच्या आत, पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी. सगळाच नफा त्यात घालावा असे आमच्या मनात आले. तेव्हा सौ.ने विचारले, “मग तिकडे भरलेल्या कराचे काय?” प्रश्न साधा, पण सीएबाईंनी पेन खाली ठेवले. परदेशी कराची वजावट इकडच्या कराएवढीच मिळते; इकडचा कर शून्य झाला तर तिकडचा भरलेला वाया, त्याचा परतावा नाही. हिशेब केला: इकडचा कर तिकडच्यापेक्षा थोडाच अधिक येत होता. मग त्या फरकापुरताच, म्हणजे नफ्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचा, रोखा घेतला. उरलेल्या करापोटी तिकडच्या भरण्याचे दाखले जोडून ६७ नंबरचा फॉर्म भरला. येथे रोखीने काही द्यावे लागले नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाच वर्षांचा रोखा घेताना सौ. हसली मात्र.

यंदाच्या थंडीत समोरचे पाटीदार शेजारी न्यूझीलंडहून आले होते. आमच्या गल्लीत अशी बंद घरे पुष्कळ. डिसेंबरात उघडतात, फेब्रुवारीत कुलपे लागतात. त्यांनी ओट्यावर बसून आमची सगळी फाइल पाहिली. त्यांच्याकडे तर अडचण अधिकच. वर्षानुवर्षे राहिलेल्या घराच्या विक्रीवर न्यूझीलंडात सहसा कर नसतो; म्हणजे पुरते निवासी झाल्यावर विकले तर इकडचा कर पुरा, आणि वजा घालण्यास काहीच नाही. “म्हणजे येण्यापूर्वी विकावे, नाहीतर आल्यावर दोन वर्षांत?” त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. ते बराच वेळ आपल्या बंद खिडक्यांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “दादा, बेनला विचारून सांगतो.”

बेन आत सौ.पाशी बसल्या होत्या. त्यांनी तिकडूनच विचारले, “अने पछी त्यां जवानुं मन थाय तो?”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती दोघे परत गेली. किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे आहे.