येळवणी

आमच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या मावशी निवृत्त झाल्या, ठेकेदाराचे डबे सुरू झाले आणि माझा जुना गुंता पुन्हा वर आला. डायलिसिसच्या पेशंटच्या घरच्यांना शिजवलेलं पाणी ओतून द्यायला लावायचं कसं?

शास्त्र सोपं आहे. डाळ-भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं की बरंचसं पोटॅशियम त्याबरोबर जातं. पण सातारा-सांगलीत पुरणाची डाळ शिजली की वर उरतं ते येळवणी, आणि सण खरा होतो तो त्याच्या आमटीनं. म्हणजे मी नेमकं जे टाकायला सांगते, तेच आमच्याकडे सगळ्यात मानाचं. "बाई, सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतंय, ते वतून द्यायचं?" असं पेशंटच्या घरची सासू विचारते. शब्दशः तिचं बरोबर असतं. उतरलेलंच असतं, म्हणून तर ओतायचं. माझं माहेर कोरेगावकडचं, घेवड्याच्या मुलखातलं. उकडलेल्या घेवड्याचं पाणी मोरीत जाताना बघून मला स्वतःलाही कसंसंच होतं.

बाकीची पथ्यं लोक पाळतात. तासगावकडचा माणूस बेदाणा बंद करतो, नारळपाणी सोडतो. डायलिसिसआधी आपणच किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनांची मर्यादा घालून घाबरवलेलं असतं आणि मशीन लागल्यावर १ ते १.२ ग्रॅम खा म्हणून मागे लागतो. कुरकुरत का होईना, अंडं पोटात जातं. मिठाचं मात्र तसं नाही. "मीठ घातलंच नाही, नुसती चटणी घातली," असं सांगतात. वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटताना मीठ पडलेलं असतं, ते कुणी हिशेबात धरत नाही. आणि जरा शिकलेल्या घरात कमी सोडियमचं मीठ आणलेलं असतं. त्यात काही सोडियम क्लोराईडच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. ब्लडप्रेशरवाल्या शेजाऱ्याला ते चालेल, किडनीवाल्याला ते थेट हृदयावर जातं. मोबाईलवरून गव्हांकुराचा रस आणि 'भरपूर पाणी प्या' वाटणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागले की घरचे उठून जातात, म्हणून इथं थांबते.

आमचं मिरज हे १८९४ च्या वॉन्लेस इस्पितळापासून दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात. इतक्या वर्षांत इथं यंत्रं आली, विभाग वाढले. पेशंटचं ताट मात्र सगळ्यात शेवटी आठवतं. नव्या आहारतज्ज्ञ मुली ॲपमधून सुंदर तक्ते काढतात. पोटॅशियमचा आकडा दशांशापर्यंत बरोबर. त्या तक्त्यात ज्वारीची भाकरी असते, पण ती कुस्करायची कशात, हे नसतं. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही. रस्सा म्हटला की त्यात मीठ आलं, पोटॅशियम आलं आणि पाणीही आलं. दिवसाची लघवी अधिक साधारण अर्धा लिटर, एवढ्यावर ज्याचं पाणी बांधलेलं, त्याची एक वाटी कालवण हिशेब मोडते.

मावशींनी यावर तोड काढली होती. त्या 'टाका' म्हणतच नसत. "येळवणी घरच्यांना, डाळ पेशंटला," असं सांगत. काही वाया जात नाही म्हटल्यावर बाया ऐकत. मग गाळलेल्या डाळीत थोडंसंच ताजं पाणी, तेलात लाल होईपर्यंत लसूण, जिरं, साधी मिरचीपूड आणि उतरवताना लिंबाचे थेंब. हे मी पुण्याच्या एका परिसंवादात 'माझी पद्धत' म्हणून मांडलं. टाळ्या पडल्या. मावशींना मी त्या टाळ्यांबद्दल सांगितलं, पद्धत कुणाची म्हणून मांडली ते सांगितलं नाही.

त्यांच्या हातची अळणी आमटी पेशंट मागून घेत, आणि मी केलेली तीच आमटी "बरी हाय" म्हणून बाजूला सारत. याचं मला आजही वाईट वाटतं. लसूण जाळण्याचा नेमका क्षण मला साधत नाही. एकतर कच्चा राहतो, नाहीतर कडू होतो.

आणि त्या तोडीलाही एक भोक आहेच. होळीला घरभर येळवणीच्या आमटीचा वास सुटलेला, सगळे भुरके मारतायत, आणि पंगतीच्या कडेला आमचा माणूस लिंबू पिळलेली डाळ घेऊन बसलेला. त्याला दोन चमचे द्यावेत का, हे सण आला की घरोघरून फोनवर विचारतात. मी आधी मागचा रिपोर्ट वाचून दाखवायला सांगते. पोटॅशियम पाचच्या आत असेल आणि डायलिसिस उद्याच असेल, तर दोन चमचे म्हणते. नव्या मुलींना हे आवडत नाही.